सही कोणाची, किल्ली कोणाच्या खणात?

शेतकरी उत्पादक कंपनीला कर्ज मंजूर झाल्याचे पत्र आले की संचालकांना हुश्श वाटते. पण खरी धावपळ त्यानंतरच सुरू होते. कर्ज करारनामा, गोदामातला माल आणि यंत्रे तारण दिल्याचा हायपोथिकेशनचा करार, मागणी वचनचिठ्ठी, मुखत्यारपत्र, संचालक मंडळाच्या ठरावाची खरी नक्कल आणि बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी, असा जाडजूड गठ्ठा सह्यांसाठी समोर येतो. प्रत्येक पानाच्या तळाशी सही, खाडाखोड असेल तिथे पुन्हा सही, वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू तिकीट आणि त्याला छेदून जाणारी आडवी सही, शेजारी कंपनीचा गोल शिक्का. (शिक्क्याची सक्ती कंपनी कायद्यातून २०१५ मध्येच गेली, पण बिनशिक्क्याचा कागद घ्यायला टेबलामागच्या माणसाचा हात अजून धजत नाही.) नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातल्या अशा कंपनीचे पाच संचालक पाच गावांचे असू शकतात, जिल्ह्याचे ठिकाण ७०-८० किलोमीटरवर, आणि कर्ज देणारी संस्था मुंबईला नाहीतर चेन्नईला. एक सही सुटली की गठ्ठा परत येतो, आणि तोवर सोयाबीनचा भाव थांबून राहत नाही. या दगदगीवर आता मोबाइलवर येणाऱ्या लिंकचा उतारा निघाला आहे. लिंक उघडायची, आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, की सही झाली. ही सही कागदावरच्या सहीइतकी पक्की आहे का, हा प्रश्न सगळे विचारतात. कायद्यापुरते उत्तर 'होय' असे आहे, आणि काही बाबतींत ती कागदी सहीपेक्षाही पक्की आहे. तालुक्याच्या गावी धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: ती सही करणारी किल्ली कोणाच्या ताब्यात असते, आणि सही करण्याआधी कागद कोणी वाचलेला असतो.

हा प्रश्न मोठ्या उद्योगांचा नसून बिलोलीचा कसा झाला, ते आधी पाहू. शेतकऱ्यांना सहकारी संस्थेऐवजी कंपनी काढण्याची वाट कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने खुली झाली. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते, संचालक मात्र किमान पाच लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार नव्या शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली. तीत प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च, सभासदामागे दोन हजार या हिशेबाने १५ लाखांपर्यंत भागभांडवलाला जोड अनुदान आणि दोन कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी असा डोलारा होता. त्याच वर्षी आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीने दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत दिली. नाबार्डची उपकंपनी असलेली नाबकिसान, चेन्नईची समुन्नती अशा संस्था या कंपन्यांनाच कर्ज देण्यासाठी उभ्या आहेत. परिणाम असा, की काल-परवापर्यंत पीककर्जाच्या फॉर्मवर सही करणारा माणूस आज संचालक म्हणून गोदामाच्या, प्रतवारी यंत्राच्या, खेळत्या भांडवलाच्या करारावर सही करतो. रक्कम वाढली, कागद वाढले, भाषा इंग्रजी झाली आणि वेळ कमी झाला. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन बाजारात येते तेव्हा सभासदाला रोख द्यायची, तर पैसा त्याच पंधरवड्यात हाती हवा. दोन आठवडे सह्या गोळा करण्यात गेले, तर माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. इलेक्ट्रॉनिक सहीची ओढ इथून आहे आणि ती रास्त आहे.

कायद्याची पायरी फार जुनी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याने डिजिटल सहीला मान्यता दिली, आणि २००८ च्या दुरुस्तीने 'इलेक्ट्रॉनिक सही' ही मोठी छत्री उघडली. करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो रद्दबातल ठरणार नाही, असे कलम १०-अ त्याच दुरुस्तीत आले. व्यवहारात आपल्याकडे दोन प्रकार चालतात. एक, डिजिटल सही प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातले 'डीएससी'. ते यूएसबीच्या डोंगलमध्ये येते, त्याला पिन असतो, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. दुसरा प्रकार २०१५ पासून आलेल्या आधार ई-साइनचा. यात किल्ली त्या एका सहीपुरती तयार होते आणि सही होताच नष्ट केली जाते. हाताशी डोंगल ठेवावे लागत नाही. तिसरी एक गोष्ट सही म्हणून खपवली जाते: कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो काढून तो पीडीएफवर चिकटवायचा. तेवढ्याने करार आपोआप खोटा ठरत नाही, कारण उभयतांची संमती दुसऱ्या पुराव्यानेही दाखवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात ईमेलवरून ठरलेला व्यवहारही करार मानला होता. पण कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला जे संरक्षण दिले आहे, ते या चिकटवलेल्या चित्राला नाही. लाखांच्या कर्जासाठी ते चालवून घेणे म्हणजे उद्याच्या वादाला आजच आमंत्रण.

कर्जाच्या कागदांपुरती एक अडचण मात्र बरीच वर्षे उरली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त मुळातच वगळलेले होते. चेक सोडून इतर चलनक्षम दस्त, मुखत्यारपत्र, विश्वस्तपत्र, मृत्युपत्र आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार ही ती यादी. वचनचिठ्ठी आणि मुखत्यारपत्र यांच्याशिवाय आपल्याकडे कर्जाचा गठ्ठा पुरा होत नाही. म्हणून करारनाम्याची सही मोबाइलवर झाली, तरी या दोन कागदांसाठी संचालकांना गाडी काढावीच लागे. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने हे बदलले. रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या कक्षेतल्या संस्थेच्या नावे असलेली मागणी वचनचिठ्ठी आणि अशा संस्थेला दिलेले मुखत्यारपत्र आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालते. गावातल्या आडत्याला किंवा खासगी सावकाराला लिहून दिलेली वचनचिठ्ठी मात्र अजूनही कागदावरच हवी. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण हंगामात कंपन्या दोन्ही दारांत उभ्या असतात.

आता ही सही नेमके काय करते, ते पाहू. संगणक करारातल्या अक्षरन् अक्षराचे गणित मांडून त्यातून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. करारात व्याजदर १२ टक्के लिहिला असेल आणि कोणी नंतर तो १३ केला, तर हा आकडा थोडाथोडका नाही, सगळाच्या सगळा बदलतो. सही करणाऱ्याची गुप्त किल्ली या आकड्यावर चालते, आणि तिची जोडीदार असलेली उघड किल्ली वापरून कोणालाही ताळा करता येतो. त्यामुळे सहीनंतर करारातला स्वल्पविराम बदलला, तरी ते उघडकीला येते. कागदावर काय होते? शेवटच्या पानावर सही असते आणि मधली पाने टाचणी काढून बदलता येतात. पानोपानी सह्या घेण्याची पद्धत त्याच भीतीतून आली. मागची तारीख टाकून मुद्रांक मिळवणे ही तर कोणत्याही कचेरीच्या आवारात ठाऊक असलेली कला. मुद्रांकाचा कागदच बनावट निघू शकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निकालात काढलेली यंत्रे मिळवून खोटे मुद्रांक छापणारा अब्दुल करीम तेलगी २००१ मध्ये पकडला जाईपर्यंत बँका, विमा कंपन्या आणि दलाल त्या कागदांवर निर्धास्तपणे करार करत होते. कागद हाताला लागतो म्हणून तो खरा, हा समज आपण इतकी किंमत मोजूनही सोडलेला नाही.

'हे सगळे कोर्टात टिकेल का?' हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो, आणि त्याचे देशभर लागू झालेले उत्तर मराठवाड्यातूनच गेले आहे, तेही एका निवडणुकीच्या भांडणातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. चित्रण मिळाले, पण त्यासोबत कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. तरीही औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी ठरवले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. ते देणारा देत नसेल, तर न्यायालयाकडून हुकूम मिळवावा. पुढे १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्या फाइलचा वर सांगितलेला आकडाच लिहून द्यावा लागतो, आणि नमुन्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

यातून कंपनीने घ्यायचा धडा अगदी कामाचा आहे. सहीची ताकद फाइलमध्ये असते, प्रिंटमध्ये नसते. कपाटातल्या फायलीत लावलेली छापील प्रत झेरॉक्सपेक्षा जास्त काही नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. मे २०१८ पासून तो मिळू लागला, आता १५ रुपयांत मिळतो. तो संगणकावर उघडला की सहीच्या जागी कधीकधी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. सही खोटी आहे, असा त्याचा अर्थ नसतो. त्या संगणकाने प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची ओळख अजून पटवलेली नसते. ती पडताळणी केली की हिरवी खूण येते. कर्ज कराराची फाइलही अशीच उघडून, सहीवर क्लिक करून, कोणाचे प्रमाणपत्र आहे आणि किती वाजता वापरले गेले, ते पाहता येते. पाच संचालकांपैकी एकाने तरी हे करून पाहावे. पण होते असे, की करारनामा मोबाइलवर सही होऊन येतो, लगेच त्याचे प्रिंट काढले जाते, त्यावर गोल शिक्का उमटतो, आणि मूळ फाइल ज्या ईमेलवर आली, त्याचा पासवर्ड सोडून गेलेल्या सीईओकडे असतो.

मुद्रांक शुल्काचा मुद्दा थोडक्यात. सही मोबाइलवर झाली म्हणून मुद्रांक माफ होत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात 'दस्त' या शब्दाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंदही येते. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेले हवे. नाही तर कमी पडलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड, आणि तो भरेपर्यंत करार पुराव्यात घेतला जात नाही. कागदावर तारीख मागेपुढे करता येई. इथे सहीवर मिनिट-सेकंदाची नोंद असल्याने ती सोय संपली. बिलोलीच्या बाबतीत एक गंमत आहे. तालुका तेलंगणाला लागून आहे आणि बोधन-निजामाबादला लोकांचे रोजचे जाणे-येणे. मग संचालकाने बोधनच्या बाजारात उभे राहून मोबाइलवर ओटीपी टाकला, तर करार कुठे झाला? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ म्हणते, की संदेश कुठल्या यंत्रावरून गेला, हे गौण. पाठवणाऱ्याच्या व्यवसायाचे ठिकाण तेच पाठवण्याचे ठिकाण. शिवाय बाहेर सही झालेला, पण महाराष्ट्रातल्या मालमत्तेशी किंवा कामाशी संबंधित दस्त राज्यात आला, की शुल्कातला फरक भरावाच लागतो. तेव्हा मुद्रांक वाचवण्यासाठी सीमा ओलांडण्यात अर्थ नाही.

इथवर कायदा इलेक्ट्रॉनिक सहीच्या बाजूने उभा आहे. आता तोच कायदा सही करणाऱ्यावर काय लादतो, ते पाहिले पाहिजे, कारण तालुक्यातल्या कंपन्यांचे दुखणे तिथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते, की गुप्त किल्ली आपल्याच ताब्यात राहावी म्हणून धारकाने वाजवी काळजी घ्यावी. ती दुसऱ्याच्या हाती पडली, तर प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेला विनाविलंब कळवावे, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाची. कलम १५ त्याच्याही पुढे जाते. सही करताना किल्ली फक्त सही करणाऱ्याच्याच ताब्यात होती, तरच ती 'सुरक्षित' सही. आणि सुरक्षित सही असली, की ती त्या माणसाने सही करण्याच्या हेतूनेच केली, असे न्यायालय गृहीत धरून चालते. आता व्यवहार पाहा. कंपनी नोंदवतानाच संचालकांचे डीएससी काढावे लागतात. ते काढून देतो सीए किंवा कंपनी सेक्रेटरी, बहुधा नांदेडचा. पुढे दरवर्षी कंपनी खात्याकडे विवरणपत्रे भरायची, त्यासाठी पुन्हा पुन्हा कोण मागणार, म्हणून डोंगल त्याच्याच खणात राहतात. प्रत्येकावर कंपनीच्या नावाची चिठ्ठी, आणि कित्येकदा त्याच चिठ्ठीवर पिन. संचालकाने स्वतःचे डोंगल कधी हातात घेतलेले नसते. बहुतेक वेळा यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. सोय म्हणून सुरू झालेली ही वहिवाट आहे. पण ज्या किल्लीने वार्षिक विवरणपत्र भरले जाते, त्याच किल्लीने कर्ज करारावर आणि कंपनीच्या मालमत्तेवर बोजा चढवणाऱ्या फॉर्मवर सही होते. किल्लीला दोन कामांतला फरक कळत नाही.

यावर म्हटले जाते, की सीए विश्वासाचा माणूस आहे, इतकी वर्षे काही झाले नाही. असेलही. पण कायदा विश्वासाची नोंद ठेवत नाही. उद्या वाद झाला आणि संचालक म्हणाला, 'ही सही मी केली नाही', तर त्याला दाखवावे लागेल की किल्ली त्याच्या ताब्यात नव्हती. म्हणजे कलम ४२ चे कर्तव्य आपणच पाळले नाही, अशी कबुली त्याला आधी द्यावी लागेल. कागदावरची सही नाकारणाऱ्याला निदान हस्ताक्षरतज्ज्ञाचा आधार असतो. इथे सही गणिताने खरीच असते. ती कोणत्या बोटांनी केली, हे गणित सांगू शकत नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे खरा, पण ज्याने स्वखुशीने पिन लिहून दिला, त्याने लबाडी सिद्ध करायची कशी? आधार ई-साइनमध्ये डोंगलचा प्रश्न उरत नाही, म्हणून तो मला लहान कंपन्यांसाठी जास्त बरा वाटतो. पण तिथेही आधारला जोडलेला मोबाइल पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असतो, आणि ओटीपी फोनवर वाचून दाखवला जातो. पद्धत बदलली तरी खोड तीच. 'मग कागदच बरा' असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे, की कोऱ्या चेकांवर आणि कोऱ्या मुद्रांकांवर सह्या करून ठेवण्याची रीत कोणत्या तंत्रज्ञानाने आणली होती?

सर्वांत वजनदार आक्षेप समजेचा आहे. अधिकाऱ्यासमोर बसून गठ्ठ्यावर सह्या करताना निदान चार प्रश्न विचारले जातात. मोबाइलवर माणूस खाली सरकवत जातो आणि शेवटच्या बटणावर बोट ठेवतो. वैयक्तिक हमीचे पान या सरकवण्यात निसटले, तर कंपनीचे कर्ज संचालकाच्या घरादारावर येते, आणि हे त्याला वसुलीची नोटीस आल्यावर कळते. हा आक्षेप खरा आहे, पण तो जितका मोबाइलवर लागू आहे, तितकाच कागदावरही. बिलोली निजामाच्या राज्यात होती तेव्हा सरकारदरबारची आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. मराठी किंवा तेलुगू बोलणारा कुणबी न वाचता येणाऱ्या मजकुराखाली अंगठा उठवत होता. शेजारच्या इंग्रजी मुलखात याच दुखण्याचा स्फोट झाला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते बाहेर काढून जाळली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या निबंधकाने स्वतः लिहिलेले किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेले आणि त्याच्या साक्षीने झालेले हवे, नाही तर ते ग्राह्य नाही. सरकारने अंगठा आणि कागद यांच्यामध्ये एक वाचणारा माणूस उभा केला होता. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी होता. मराठवाड्याच्या वाट्याला तो आला नाही.

आजच्या इंग्रजी पीडीएफसमोर तो वाचणारा माणूस कोण? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने याचे अर्धे उत्तर दिले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना 'मुख्य तथ्य विवरणपत्र' सक्तीचे आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक खर्चाचा दर, हप्त्यांचा तक्ता आणि वसुलीच्या अटी येतात. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यायचे. म्हणजे बिलोलीच्या कंपनीला हे पत्रक मराठीत मागण्याचा हक्क आहे. मागितले मात्र पाहिजे, कारण समोर येते ते इंग्रजीच. उरलेले अर्धे उत्तर कंपनीच्या हातात आहे, आणि इथे इलेक्ट्रॉनिक करार उलट सोयीचा पडतो. कागदी गठ्ठा एकच असतो आणि सह्यांच्या दिवशीच पहिल्यांदा दिसतो. पीडीएफ आठवडाभर आधी पाचही संचालकांच्या मोबाइलवर येऊ शकते, वकिलाला पाठवता येते, मुलीला वाचायला देता येते. कर्ज घेण्याचा अधिकार वापरायला संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव लागतोच. त्या बैठकीत करार मराठीत समजावून सांगितला गेला, एवढी एक ओळ इतिवृत्तात आली, तरी बरेच साधेल. तालुक्यातल्याच सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. बियाणे आणि ठिबक यांच्या प्रशिक्षणाला शेतकरी तिथे जातात. स्वतःचे डोंगल स्वतः लावून, पिन बदलून, सही तपासून पाहण्याचा तास तशा ठिकाणी एका दुपारीही होऊ शकतो. ज्या संचालकाच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, किंवा ज्याला हे नकोच आहे, त्याची सही कागदावर घ्यावी. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतमजुराला यंत्रापुढे पुन्हा पुन्हा अंगठा दाबायला लावण्यात कसलीच आधुनिकता नाही.

किल्लीचा ताबा ही एका दिवसाची बाब नाही, कर्जाच्या मुदतीएवढी लांब आहे. डीएससीची मुदत फार तर तीन वर्षे, उत्पादक कंपनीच्या संचालकाचा कार्यकाळ एक ते पाच वर्षांचा, आणि गोदामाचे कर्ज सात वर्षांचे. मुदत संपली म्हणून आधी केलेली सही बाद होत नाही, पण सही त्या वेळी वैध होती हे दाखवणारी मूळ फाइल जपावी लागते, एकापेक्षा जास्त ठिकाणी. संचालक पायउतार झाला, की कंपनीच्या नावाने काढलेले त्याचे प्रमाणपत्र रद्द करायला लावणे आणि नव्या माणसाच्या सहीचा अधिकार ठरावाने कर्ज देणाऱ्या संस्थेला कळवणे, ही दोन कामे त्याच आठवड्यात व्हावीत. आणि शेवटची सही कर्ज फिटल्यावरची असते. तारणाचा बोजा चढवताना कंपनी खात्याकडे फॉर्म जातो. तो ३० दिवसांत जावा म्हणून कर्ज देणारी संस्थाच पाठपुरावा करते, कारण त्यात तिचा स्वार्थ असतो. बोजा उतरवण्याच्या फॉर्मलाही ३० दिवसांची मुदत आहे आणि त्यावर कंपनीबरोबर कर्ज देणाऱ्याचीही डिजिटल सही लागते. पण इथे घाई फक्त कंपनीला असते. शेवटचा हप्ता भरून 'थकबाकी नाही'चा दाखला घेतला आणि कंपनीने विषय मिटवला, तर सरकारी नोंदीत ते कर्ज तसेच उभे राहते, आणि पुढच्या हंगामात दुसरी बँक तेच पान उघडून अर्ज बाजूला ठेवते. शेवटचा हप्ता भरण्याच्या आधीच या सहीची मागणी लेखी करून ठेवावी.